मान हलवली म्हणजे ऐकू आलं असं नाही

ताई, आधी एक सांगा. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तुम्ही दोनदा मान हलवलीत, ती ऐकू आलं म्हणून, की मला बरं वाटावं म्हणून?

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. तुमच्यावर दोन सभा झाल्या. लोक चांगलं बोलले, किती मुलांच्या कानांना तुम्ही वेळेवर मशीन लावलंत, किती जणांना बोलतं केलंत वगैरे. तुम्ही असतात तर तिसऱ्या वाक्याला घड्याळ बघून "आवरा" म्हणाला असतात. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि मला अर्धं भांडण सोडून झोप येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मी पहिल्यांदा तुमच्या सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात आले ती खराडीहून दीड तास स्कूटर चालवून, घामाघूम होऊन. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि विचारलंत, "आपलं काय काम?" मी सांगितलं, की मी कानाच्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत आहे. आम्ही कॉम्प्युटरमध्ये कानाची नक्कल करतो. त्या नकलेला एखाद्याच्या ऐकण्याचा आलेख द्यायचा, एक बोललेलं वाक्य द्यायचं, त्यात गोंगाट मिसळायचा, आणि ती सांगते, की ह्या माणसाला दहातले साधारण किती शब्द समजतील.

"म्हणजे पेशंट न बघताच सांगणार?"

"हो."

"ज्योतिषी आहात."

"नाही, इंजिनिअर."

"तेच ते," तुम्ही म्हणालात आणि चहा सांगितलात. तेव्हापासून मी तुमची इंजिनिअरबाई. माझं नाव प्रणिता आहे हे तुम्ही पाच वर्षांत चार वेळा उच्चारलं असेल.

त्याच दिवशी तो नियम शिकवलात. एक आजोबा सुनेबरोबर आले होते. सून म्हणत होती, यांना सगळं ऐकू येतं, हो हो म्हणतात की. तुम्ही उठलात, आजोबांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिलात आणि अगदी साध्या आवाजात विचारलंत, "आजोबा, तुमचा फ्लॅट माझ्या नावावर करता का?" आजोबांनी हसून मान हलवली. सुनेचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "मान हलवणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. ज्याला ऐकू येत नाही तोच सगळ्यात जास्त होकार देतो. परत म्हणून दाखवायला सांगायचं. म्हटलं तर मार्क, नाही तर नाही."

तुमची सगळी तपासणी त्या एका नियमावर चालायची. आवाजबंद खोलीत पेशंट, काचेच्या अलीकडे तुम्ही, बाजूला तुमची मदतनीस सुमन पेन घेऊन. स्पीकरवर तुमच्याच आवाजातलं एक वाक्य, मागे गोंगाट, आणि पेशंट जितके शब्द परत म्हणेल तितक्या खुणा. वाक्यांची यादी तुम्हीच तीस वर्षांपूर्वी लिहिलेली आणि तुम्हीच बोललेली. एकाच पेशंटला एकच यादी दुसऱ्यांदा ऐकवायची नाही, ह्याबाबत एवढ्या कडक होतात, की एकदा एका काकूंना तुम्ही परत पाठवलंत, कारण त्या बाहेर बसल्या असताना आतली चार वाक्यं त्यांच्या कानावर पडली होती. "आता त्या ऐकणार नाहीत, आठवणार," म्हणालात.

गोंगाट मात्र आपण दोघींनी मिळून आणला. तुमच्या जुन्या टेपमधला गोंगाट मला नुसता खरखरीसारखा वाटायचा. मी म्हटलं, खरा गोंगाट माणसांचा असतो, तो हवा. मग तुम्ही कपाटातलं हिरवं रेशमी लुगडं काढलंत आणि आपण एका मंगल कार्यालयात बिनबोलावता शिरलो, पर्समध्ये रेकॉर्डर ठेवून. पंगत ऐन रंगात होती. एका बाईंनी अदबीनं विचारलं, "आपण मुलाकडच्या, की मुलीकडच्या?" तुम्ही तितक्याच अदबीनं म्हणालात, "आवाजाकडच्या." त्या बाई मान हलवून पुढे गेल्या. मला मठ्ठ्याचा ठसका लागला. तो ठसका अजून त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, अकराव्या मिनिटाला, आणि जगातला कुठलाही पेशंट त्या मिनिटाला एखादा शब्द चुकवतोच.

आता मागे वळून पाहिलं की मला माझीच लाज वाटते. मी पाच वर्षं माणसांना किती समजतं ह्याचा हिशोब करत होते आणि समोर बसलेल्या तुमचा केला नाही. तुम्ही कायम भिंतीला पाठ लावून बसायच्या. बोलताना माझा हात तोंडावर गेला की खेकसायच्या, "तोंडावरचा हात काढा." फोन कधी घ्यायच्या नाहीत, सुमन घ्यायची. मला वाटायचं, तऱ्हेवाईक आहेत, पेठेतल्या आहेत, चालायचंच.

आपण चाळीस जणांना तपासलं. नावं नाहीत, नुसते नंबर. माझं मॉडेल, म्हणजे ती कानाची नक्कल, आधी अंदाज सांगायचं, मग तुमच्याकडचे खरे मार्क यायचे. बहुतेकांचं जमत होतं. जमलं की तुम्ही "हं" म्हणायच्या आणि मी त्या "हं"वर आठवडा काढायचे. फक्त दोघं बसेनात, नऊ नंबर आणि सतरा नंबर. नवाला मॉडेल म्हणत होतं सात शब्द समजतील, त्याने म्हटले चार. सतराला मॉडेल म्हणत होतं चार, आणि तुमच्या कागदावर होते नऊ.

नऊ नंबर म्हणजे माझे बाबा, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. बाबा वर्ध्याकडचे, जन्म सूतगिरणीत गेला, कान तिथेच गेले. आई गेल्यावर मी त्यांना वारज्याला घेऊन आले. त्यांची तक्रार एकच, "ऐकू येते ना बाप्पा, पण समजून नाही राहिलं." तुमच्या यादीत सोवळं होतं, पळी-पंचपात्र होतं, कोनाड्यातली समई होती. ह्या शब्दांवर बाबा गप्प बसले. आम्ही बौद्ध, आमच्या घरात देवघरच कधी नव्हतं. कानावर पडलेल्या आवाजाला धरून ठेवायला आत काहीतरी लागतं, ते त्यांच्याकडे नव्हतं. मी हे तुम्हाला म्हटलं, तर तुम्ही चिडलात.

"यादी तीस वर्षं चालू आहे."

"सदाशिव पेठेत चालू आहे ताई."

"मराठीच आहे ना ती?"

"तुमची मराठी आहे."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण माझी जीभ अशी, की एकदा सुटली की स्टँडवरच थांबते. मी म्हटलं, "आणि सतराचं काय? त्या बाईंना दोन्ही कानांना मशीन पाहिजे, त्या नऊ शब्द म्हणतीलच कशा? तुम्ही मार्क वाढवून दिलेत." सुमनसमोर म्हटलं. बाहेर दोन पेशंट बसले होते, त्यांच्यासमोर म्हटलं.

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "सुमन," म्हणालात, "ह्यांना जिना दाखव."

मी जिना उतरले आणि दोन महिने चढले नाही. रोज वाटायचं, आज जावं. मग वाटायचं, त्यांनी बोलवावं. तुमचा फोन येणार नाही हे माहीत असून मी फोनकडे बघत बसायचे.

मग सुमनचा आला. न्यूमोनिया, आयसीयू, भेटायची वेळ चार ते पाच. मी खराडीहून तशीच निघाले. माझ्या तोंडाला मास्क, तुमच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा, उशाशी त्या यंत्राची घरघर. तुमचा चष्माही काढून ठेवला होता. मला माफी मागता येत नाही, हे तुम्ही मला फार पूर्वी सांगितलं होतं. तुमच्या फाइलवर चहा सांडला तेव्हा मी म्हटलं होतं, "चुकलं माझं, पण तुमचंही चुकलं, कप काय कागदावर ठेवतात?" आणि तुम्ही म्हणाला होतात, "इंजिनिअरबाई, तुमच्याकडे माफी अशी शेपटीसकट मागतात का?" त्यानंतर पाच वर्षांत मी निदान वीस वेळा शेपटीसकटच मागितली. त्या दिवशी मात्र मी शेपूट घरी ठेवून आले होते. वाकून म्हटलं, "ताई, चुकलं माझं. सतराचे मार्क खरे होते. मला माफ करा."

तुम्ही एकदा मान हलवलीत. थोड्या वेळाने आणखी एकदा. नर्स म्हणाली, वेळ संपली. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

मी त्या दोन होकारांवर चार-पाच दिवस काढले. सगळ्यांना सांगितलं, ताईंनी मला माफ केलं. मग सुमनने दवाखान्यात बोलावलं, माझा रेकॉर्डर आणि वायरी घेऊन जायला. तिने चाळीस जणांची फाइल पुढे ठेवली आणि सतराचा कागद वर काढला. मी म्हटलं, आता हा कशाला?

"बाईंचा आहे तो," सुमन म्हणाली.

"कुठल्या बाईंचा?"

"आपल्या बाईंचा. त्याच सतरा. मीच बसवलं होतं त्यांना आतमध्ये, आणि खुणा मीच केल्या. एक पण मार्क वाढवला नाही मी, शपथ. एवढं पटापट म्हणत होत्या, वाक्य संपायच्या आत."

"संपायच्या आत?"

सुमन माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिच्याही लक्षात आलं. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

ताई, इतकी साधी चूक? काकूंना चार वाक्यं कानावर पडली म्हणून परत पाठवणाऱ्या तुम्ही. स्वतः लिहिलेली, स्वतः बोललेली, तीस वर्षं दिवसातून दहा वेळा ऐकलेली यादी स्वतःलाच लावलीत? त्याला ऐकणं म्हणत नाहीत. पाठांतर म्हणतात. की तुम्हाला ते माहीत होतं, आणि मॉडेलला हरवायचं होतं? हा प्रश्न मी तेव्हापासून फिरवून फिरवून बघतेय. मला आठवतं, तुम्ही तीन वेळा विचारलं होतं, "सतराला काय म्हणतं तुझं यंत्र?" त्या प्रश्नापुरतं मला "तू" म्हणायच्या, तेही मला आत्ता लक्षात येतंय. आणि मी काय सांगितलं? "ह्या बाई गर्दीत बसल्या, की दहातले चार शब्द ऐकतात, बाकीचे सहा मनचे घालतात. मशीन लावायला सांगा त्यांना, उगाच नखरे." तुम्ही "सांगते" म्हणालात आणि टेबलावरच्या पेन्सिली सरळ करत बसलात.

तुम्ही घाबरला होतात ना? कानाची डॉक्टरीण, आणि स्वतःला मशीन, म्हणजे दवाखान्यात बसणारे काय म्हणतील. मला सांगायला हवं होतं तुम्ही. मी काही दवंडी पिटणार नव्हते. मला राग आला तुमचा, आणि राग ओसरल्यावर मी खूप रडले. माणूस तीनदा येऊन आपल्याला विचारतं, माझं कसं होणार, आणि आपण त्याला नखरे म्हणतो.

पण मग मान हलवण्याचं काय उरलं? तुमचा कान एवढा गेलेला, ओठ माझ्या मास्कमागे, चष्मा नाही, यंत्राची घरघर. तुमच्याच नियमाने तो होकार धरायचा नाही. आणि परत म्हणून दाखवा, हे मी तुम्हाला सांगू शकले नाही.

मी इंजिनिअर आहे, म्हणून मी तेच केलं जे मला येतं. आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एका आजींना घरीच ऑक्सिजनचं यंत्र लावलंय. त्यांच्या मुलाला विचारून मी त्याचा आवाज रेकॉर्ड केला. तो म्हणाला, "बिघडलंय का?" मी म्हटलं, नाही, छान चाललंय. मग घरी मास्क लावून, भिंतीकडे तोंड करून ती दहा शब्दांची माफी बोलले. पहिल्या काही वेळा मला हुंदका आला. मी पुसून पुन्हा बोलले. मग वाटलं, हॉस्पिटलमध्येही आलाच होता की, आणि हुंदक्याचीच ठेवली. बाबा दारात उभं राहून बघत होते. "कोणाशी बोलून राहिली?" म्हणाले. मी म्हटलं, भिंतीशी.

वाक्य घातलं, घरघर मिसळली, सतराचा आलेख लावला. मॉडेल म्हणालं, दहातले तीन.

कोणते तीन, हे ते सांगत नाही. ही त्याची खोड मी पाच वर्षं तुमच्यापासून लपवली, कारण तुम्ही नेमकं तेच विचारलं असतंत. "ताई, चुकलं माझं" हे तीन असतील, तर सगळं पोचलं. "मार्क, होते, मला" हे तीन असतील, तर तुम्हाला वाटलं असेल, की ही बया मरणाच्या दारातही मार्कांवरून भांडायला आली. मी सगळ्या तिकड्या कागदावर लिहून काढल्या. बऱ्याच वाईट होत्या.

बाबांनी तो कागद पाहिला. त्यांच्या कानात तुम्हीच बसवलेलं मशीन आहे, त्यामुळे हल्ली घरात मला काही लपवता येत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईनं माझं बोलणं लिहून घेतलं होतं. दोनदा बोलावलं. चहा पाजला. म्हणे, काका, तुम्ही फक्त बोला. मी म्हटलं, काय बोलू? म्हणे, घरी पोरीशी बोलता तेच. अन् पोरगी काय बोलते तेही सांगा."

"कधी?"

"तुमचं वाजलं, त्याच्या मागून."

"मला काऊन नाही सांगितलं बाबा?"

"तू कुठं बोलून राहिली होती त्यांच्याशी."

मी स्कूटर काढली आणि पेठेत गेले. सुमनला म्हटलं, बाईंच्या टेबलाचा खण उघड. तुमची वही तिथेच होती. शेवटच्या पानावर, तुमच्या त्या बारीक सरळ अक्षरात, "नवी यादी." सोवळं नाही, समई नाही. "बाबा, मशीन काढून नका ठेवू." "आज वांग्याची भाजी आणली मी डब्यात." "मी पहिलेच बोलली होती तुम्हाला." "काहीच्या काही बोलता ताई तुम्ही." अर्धी वाक्यं बाबांची, अर्धी माझी, माझी बहुधा तुम्हीच पाच वर्षं ऐकून ठेवलेली, ऐकलीत की ओठांवरून उचललीत ते तुम्हाला माहीत. माझ्याशी भांडण झालेलं असताना तुम्ही बसून माझं बोलणं पाठ करत होतात. आणि भांडणातलं माझं बरोबर होतं हे कळवायची तुमची ही पद्धत. दोन ओळींची चिठ्ठी पाठवली असती तर काय बिघडलं असतं?

दहावं वाक्य वाचून मी सुमनच्या खुर्चीत बसले. "चुकलं माझं, पण तुमचंही चुकलं."

म्हणजे ताई, तुम्हाला तीन शब्द ऐकू आले काय आणि एक आला काय. मी वाकले, तेव्हा मी काय म्हणणार हे तुम्हाला माहीत होतं, तोंडपाठ होतं, तुमच्या त्या जुन्या यादीसारखं. उरलेलं तुम्ही आतूनच घातलं असणार, आणि घातलं असेल तर शेपटीसकट. मी ती घरी ठेवून आले होते, हे तुम्हाला कसं कळणार? मग मला दुसऱ्या होकाराचा अर्थ लागला, किंवा मी लावला. एकदा मान हलवलीत ती "चुकलं माझं" ला. थोड्या वेळाने पुन्हा हलवलीत, ती मी न म्हटलेल्या अर्ध्याला.

हे सिद्ध करता येत नाही. माझ्या मॉडेलमध्ये कान आहे, एखाद्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं किती पाठ आहे, ह्याला त्यात कुठे जागाच नाही. ती करावी लागेल, त्यावर आता काम सुरू करतेय. जुन्या चाळिसांतून सतरा नंबर मी वगळला, तो तुम्हीही वगळला असतात.

पण सुमनकडून मी तपासणीचा एक कोरा कागद घेतला. वर लिहिलं, नवी यादी, नंबर सतरा. माझ्या माफीच्या दहा शब्दांपुढे दहा चौकटी. सुमन म्हणाली, "परत म्हणून दाखवल्याशिवाय खूण करायची नाही, बाईंचा नियम आहे." मी म्हटलं, माहीत आहे.

दहाच्या दहा खुणा केल्या ताई. मार्क वाढवून दिलेत. पेन्सिलने केल्यात, पटत नसेल तर येऊन खोडा.